देवीचं नाक हळूहळू यावं लागतं

डब्यावर चिठ्ठी चिवड्याची होती. झाकण उघडलं तर आत नाकं.

एक नाही, दोन नाहीत, चांगली वीस-पंचवीस नाकं. प्रत्येक नाक कापसात गुंडाळलेलं, काळ्या दगडाच्या रंगाचं. काही अख्खी, काहींचा नुसता शेंडा, एक तर नुसती उजवी नाकपुडी. मी अशी किंचाळले की शेजारच्या गच्चीवरची बाई वाळवण सोडून वाकून बघायला लागली. धाराशिवात खोली भाड्यानं घेऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. घरमालकीण काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं होतं, "मधल्या खोलीत फळीवर चिवडा हाय, घे पोरी हातानं," आणि मी भाबडेपणानं हात घातला होता.

काकू पदराला हात पुशीत आल्या. डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हा न्हाय गं, त्याच्या मागचा," म्हणाल्या आणि मागचा डबा काढून माझ्या हातात दिला. त्यात खरंच चिवडा होता. मी काही तो खाल्ला नाही.

तसं मला पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं. खोली बघायला गेले तेव्हा सर, म्हणजे आमचे घरमालक, ओसरीवर बसून माझ्या तोंडाकडं इतका वेळ टक लावून बघत राहिले की मी पर्स उचलून निघणारच होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला सत्तरीचा माणूस, पांढरा पायजमा, नाकावर घसरलेला चष्मा. शेवटी म्हणाले, "नाक बरं आहे तुमचं. डावीकडं जरा झुकलंय, पण बरं आहे." मी मूळची बार्शीची, तोंडानं फटकळ; असलं कुणी बोललं तर जागच्या जागी उत्तर देते. पण आतून काकूंचा आवाज आला, "घाबरू नको गं, त्यांच्या मनात काय वाईट न्हाय. लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्या नाकाकडं एकदा बघितलं न्हाय!" मला हसूच फुटलं आणि खोली घेऊन टाकली.

सरांना माणसं नाकावरून आठवायची. लग्नाला जाऊन आले की नवरा कसा होता, जेवायला काय होतं, काही सांगता यायचं नाही. "नवरीच्या मामाचं नाक बघितलं का? काय सरळ उतरलंय!" एवढंच. देवापुढं त्यांनी हात जोडलेले मी कधी बघितले नाहीत. पण पडक्या देवळात शिरताना चपला बाहेर काढायचे आणि आतल्या मूर्तीला म्हणायचे, "काय, कसं काय?" जसं काही गल्लीतलंच माणूस. दर रविवारी त्यांची स्वारी कुठल्यातरी गावाच्या शिवारात. सोबत एक जेवणाचा डबा आणि एक छोटा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. त्या छोट्यात मेण असायचं. उन्हानं वितळू नये म्हणून घरीही ते मेण माठाच्या झाकणावर ठेवलेलं असायचं, आणि काकूंना पाणी घेताना रोज ते उचलून बाजूला ठेवावं लागायचं. रोज त्या एकच शिवी द्यायच्या.

मी इतिहासाची. इथल्या एका कॉलेजात नुकतीच लागलेली, डोक्यात सगळं ताजं. सर जुन्या देवळांना जातात म्हटल्यावर मी मागंच लागले. मला वाटलं होतं तेरला जाऊ, लेण्यांकडं जाऊ. "तिकडं सगळे जातात," सर म्हणाले. "तिथं सरकार आहे, पाटी आहे. मी जातो ती बिनपाटीची." त्यांची देवळं म्हणजे कुणाच्या तरी तुरीच्या रानात, ओढ्याकाठी, बाभळीत. तीन खांब, निम्मं छत, दारावरची गणेशपट्टी जमिनीत रुतलेली, आत महादेव किंवा एखादी देवी आणि कोपऱ्यात कुणी ठेवलेली उदबत्ती.

पहिल्यांदा गेलो ते बेंबळीच्या पुढं. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं की लोक गाड्या काढून फोटो काढायला जातात. माझी स्कूटी होती. सर मागं बायकांसारखे एका अंगाला पाय सोडून बसले. मी म्हटलं, "सर, नीट बसा, पडाल." तर म्हणाले, "जाताना ही बाजू बघायची, येताना ती. दोन्हीकडं पाय टाकून बसलं की धड कुठलीच बाजू दिसत न्हाय."

देवळात मी टेप काढला, वही काढली, खांबांची मापं घ्यायला लागले. सर देवीपुढं बसले होते. "बघायला आलाय का मोजायला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोजल्याशिवाय बघणं कसलं? आणि मान वळवली तर काय, या बाबाचा अंगठा देवीच्या तोंडावर! काळं काहीतरी नाकाच्या जागी दाबून धरलेलं.

"सर! काय करताय?"

"नाक."

"नाक काय नाक? अहो आठशे-नऊशे वर्षांची मूर्ती आहे! हात कसा लावता तुम्ही? हा गुन्हा आहे, गुन्हा!"

"आहे," सर शांतपणे म्हणाले. "जरा इकडं सरका, ऊन येतंय, मेण धरत न्हाय."

माझं डोकंच फिरलं. जे जे शिकले होते ते सगळं त्यांना ऐकवलं. मूर्तीशी छेडछाड, पुराव्याचा नाश, आणखी काय काय. ते ऐकून घेत होते आणि अंगठा दाबून ठेवत होते. माझं बोलून झालं तेव्हा नखानं त्यांनी ते नाक अलगद काढलं आणि मला मूर्ती दाखवली. ओरखडासुद्धा नव्हता. नाक शाडू आणि दगडाच्या भुकटीचं, बसवलेलं मेणात राळ घालून. "उद्या तुमच्यासारखं कुणी शिकलेलं आलं, तर त्याला हे निघालं पाहिजे," म्हणाले. "निघणार न्हाय असं मी काही लावत न्हाय."

"पण लावताच कशाला?"

मग ते मला देवळामागच्या विहिरीवर घेऊन गेले. कठड्यावर वाकून म्हणाले, "हिच्यात चार आहेत. ती आतली पाचवी झाली असती."

मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. खंडित मूर्ती पुजायची नसते, पाण्यात सोडायची असते, हे आपण सगळेच ऐकून असतो. गावं पिढ्यान् पिढ्या तुटक्या मूर्ती पूजत असतात, कारण शेंदराखाली काय तुटलंय ते कुणी बघत नाही. मग एक दिवस कुणाचा तरी पुण्याला असलेला मुलगा येतो, नाहीतर कुणी महाराज येतात, आणि म्हणतात, अहो, ही तर खंडित! झालं. महिन्याभरात जयपूरची संगमरवरी मूर्ती येते, गुलाबी गालांची, आणि जुनी वाजतगाजत विहिरीत. "हात तुटलेला चालतो, पाय तुटलेला चालतो, तिथं वस्त्र येतं," सर म्हणाले. "नाकाला काय घालणार? म्हणून मी नाकावर आहे."

मला तरी ते पटलं नाही. मी म्हटलं, "मग उलट करा की! शेंदूर काढा. खाली केवढं काम असेल, दागिने, केशरचना... लोकांना दाखवा त्यांची देवी किती देखणी आहे, मग कशाला बुडवतील?" आणि बोलता बोलता बॅगेतला ब्रश काढून देवीच्या खांद्यावरचा शेंदराचा पोपडा उचकटायला लागले.

सरांनी माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात, की ब्रश खाली पडला.

"हात लावायचा न्हाय!"

ज्या माणसानं चार महिन्यांत कधी आवाज चढवला नव्हता तो अख्खं शिवार ऐकेल असा ओरडला. मी घाबरले, मग रागावले. येताना ते दुसरी बाजू बघत बसले. म्हातारा सटकलाय, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

पण पुढच्या रविवारी मीच स्कूटी काढली. का, ते विचारू नका. एकदा ते दगडातले चेहरे बघितले की घरी बसवत नाही.

नाक बसवायची त्यांची एक पद्धत होती. या नाकांच्या कामाला लागले त्या काळात त्यांनी एका गावच्या देवीला अख्खं नाक एकाच दुपारी लावलं होतं. दुसऱ्या दिवशी गावात बोंब, देवीला नाक उगवलं! तिसऱ्या दिवशी भंडारा, पंगती, लाऊडस्पीकर. दोन वर्षांत तिथल्या नक्षीच्या खांबांना निळा ऑइलपेंट लागला, गाभाऱ्यात बाथरूमची फरशी आली आणि पुढं स्टीलचं रेलिंग. ही गोष्ट सांगताना सर कपाळाला हात लावायचे. "चमत्कार झाला की गर्दी होते. गर्दी झाली की फरशी येते." तेव्हापासून एका नाकाला चार फेऱ्या. पहिल्यांदा ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा, वरून शेंदूर. दोन महिन्यांनी थोडा आणखी. मग शेंडा. शेवटी नाकपुड्या. "देवीचं नाक हळूहळू यावं लागतं, मॅडम. पोरांची उंची वाढते तसं. रोज बघणाऱ्याला कळता कामा नये." आणि उन्हाळ्यात मेण मऊ होऊन काही पडायचीच, त्यामुळं दर जूनमध्ये नव्यानं फेरी.

बघता बघता मीही त्यात सामील झाले. कॉलेजात कुणाला सांगायची सोय नव्हती. मी दारात नारळ घेऊन उभी राहायची, कुणी आलं तर मोठ्यानं "किती वाजले हो?" विचारायची, म्हणजे आत सरांना कळायचं. इतिहासाची प्राध्यापिका! माझ्या गाइडना कळलं असतं तर त्यांनी माझी पदवी काढून घेतली असती.

फक्त एका ठिकाणी सर छोटा डबा नेत नसत. येरमाळ्याकडच्या डोंगरात एक लहानसं लेणं आहे, दोन खोल्यांचं. आत भिंतीत कोरलेला बुद्ध बसलाय. नाक नाही, एक हात नाही. शेळ्या राखणारे पावसात तिथं थांबतात, बाकी कुणी येत नाही. मी विचारलं, "याचं नाक?"

"याला कशाला? याला इथलं कुणी पुजत न्हाय, म्हणून कुणी बुडवत पण न्हाय." मग त्यांनी कोपऱ्यातल्या लेंड्या झाडून काढल्या, भाकरी खाल्ली आणि बुद्धाच्या पायाशी आडवे झाले. दोन मिनिटांत घोरायला लागले. उठल्यावर म्हणाले, "मला दुपारी झोप फक्त इथंच लागते." मला ते गंमतीचं वाटलं होतं.

आणि एक गाव होतं जिथं ते जातच नसत. जळकोटच्या बाजूला जाताना एक फाटा लागतो. तो आला की सर डोळे मिटून घ्यायचे. एकदा मला एका विद्यार्थिनीनं सांगितलं, मॅडम, आमच्या गावात तीन खांबांचं जुनं देऊळ आहे, आत मूर्ती नाही पण. तिचं गाव त्याच फाट्यावरून आत. मी सरांना न विचारताच स्कूटी वळवली. तर या माणसानं चालत्या गाडीवरून उडी मारली हो! गुडघा फुटला. उठले, पायजमा झटकला आणि हायवेच्या कडेनं उलटे चालायला लागले. संध्याकाळी काकू हळद लावता लावता मला हळूच म्हणाल्या, "त्या गावाचं नाव काढू नको पोरी. ह्यांची पहिली नोकरी तिथली. मी बी इचारत न्हाय."

मग तो दुष्काळ पडला. गावोगाव टँकर आले, विहिरींचे तळ दिसायला लागले, लोकांनी ठिकठिकाणी गाळ काढायला घेतला. एप्रिलमध्ये त्याच विद्यार्थिनीनं माझ्या फोनवर एक फोटो पाठवला. चिखलातून वर आलेला एक चेहरा. "मॅडम, गावच्या विहिरीत देवी निघाली." मी धावत ओसरीवर गेले आणि फोन सरांच्या हातात दिला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. चेहरा आला, ओठ आले, तुटलेलं नाक आलं.

सर खुर्चीवरून खाली घसरले आणि जमिनीवर बसले. मला वाटलं झटका आला. काकू पाणी घेऊन धावल्या. पाणी बाजूला सारून सर एवढंच म्हणाले, "चला."

वाटेत, माझ्या पाठीमागं बसून, त्यांनी सगळं सांगितलं. वाऱ्यात मला निम्मं ऐकू येत नव्हतं आणि मी परत परत "काय?" म्हणत होते, आणि ते परत परत सांगत होते.

नवीन नोकरी, वय बावीस-तेवीस. गावाबाहेर ते तीन खांबांचं देऊळ. देवी म्हणजे शेंदराचा नुसता गोळा, वर चांदीचे दोन डोळे. या तरुण चित्रकला शिक्षकाला राहवेना. त्यानं दोन रविवार भर दुपारी बसून सगळा शेंदूर काढला. आत काय निघालं! कानातली कुंडलं, गळ्यातले तीन पदर, ओठांवर हसू. तो आनंदानं वेडा झाला. पळत गावात गेला आणि हाका मारून सगळ्यांना घेऊन आला: या, बघा, तुमची देवी किती देखणी आहे!

"सगळे आले," सर म्हणाले. "कुंडलं कुणी बघितली न्हाईत. हसू कुणी बघितलं न्हाय. नाक बघितलं."

त्या वर्षी गावात गुरं बरीच मेली होती. त्याचं कारण सापडलं. येत्या अमावस्येला देवीला विहिरीत सोडायचं ठरलं. गुरवाची नवी सून, ती रोज देवीची पूजा करायची, सगळ्यांच्या पाया पडली, "उद्याचा निवद दावू द्या, मग न्या." थांबले नाहीत. सर विहिरीच्या काठावर उभे होते. बोलायची हिंमत झाली नाही. महिन्याभरात बदली मागून घेतली.

मी गाडी चालवत होते म्हणून बरं. नाहीतर तोंड कुठं लपवलं असतं? मीच नव्हते का ब्रश काढून बसले?

गावात पोचलो तर विहिरीवर ही गर्दी. देवी ताडपत्रीवर उताणी ठेवलेली, अंगावर गाळ. कडक कपड्यातले एक पुढारी सगळ्यांना समजावत होते, "खंडित हाय. ठेवता येत न्हाय. उद्या सकाळी टेम्पोत घालून धरणात सोडू, तिथं अजून पाणी हाय." लोक माना हलवत होते. सरांचे हात डब्याच्या झाकणाशी चाचपडत होते. मी ओळखलं, आत त्यांनी या देवीसाठी नाक आणलं होतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. काठी टेकत एक म्हातारी आली, हातात पाण्याचा तांब्या. ती देवीजवळ बसली आणि टँकरचं ते पाणी, ज्याच्यासाठी सकाळी बायकांची भांडणं झालेली, तो अख्खा तांब्या तिनं देवीच्या तोंडावर ओतला. लोकांच्या तोंडून "अगं अगं" निघालं. तिनं पदरानं गाळ पुसला.

"हिला पाण्यात कुणी घातली, ठाव हाय का?" तिनं विचारलं.

"तवाच्या लोकांनी, आजी," पुढारी म्हणाले.

"लोकांनी न्हाय. एक मास्तर व्हता, चित्रं काढायचा. त्यानं हिला उघडी केली आन् गावाला दावली."

सर पुढं झाले. मी त्यांचा सदरा धरला, त्यांनी सोडवून घेतला.

"तो मास्तर मीच, आई."

म्हातारी काठीवर जोर देऊन उठली. डोळे बारीक करून त्यांच्याकडं बघितलं. आणि खाडकन त्यांच्या कानाखाली वाजवली.

सरांचा चष्मा ताडपत्रीवर जाऊन पडला. मी ओरडले. गाव जागच्या जागी गार. सत्तरीच्या माणसाला सत्तरीच्याच बाईनं मारलेलं कुणी बघितलं नव्हतं, मीही नाही.

"पन्नास वरसं," ती म्हणाली. "पन्नास वरसं हितं कडंला बसून निवद दावतीय. खाती का न्हाय दिसत न्हाय. लोकं येडी म्हणत्यात मला."

सर रडत होते. त्यांनी डबा उघडला आणि नाक तळहातावर धरलं. "आई, हे बसवू द्या. मग ही खंडित ऱ्हात न्हाय. मग हिला कुणी नेणार न्हाय."

"हे काय हाय?"

"नाक."

"तिचं हाय का?"

"न्हाय. मी केलंय."

"मग तुझं तुझ्यापाशी ठेव. तिला सोंग नगं." मग ती पुढाऱ्यांकडं वळली. "आन् तुला काय रं, टेम्पो पायजे? माझ्या तोंडात एक दात न्हाय, डोळ्याला दिसत न्हाय, कंबर मोडलीय. मी बी खंडितच हाय. मला घाल आदी टेम्पोत, धरणात सोड, मग हिला ने."

पुढाऱ्यांनी फोन कानाला लावला आणि बाजूला गेले. आधी माझी विद्यार्थिनी पुढं आली, मग दोन बायका, मग पुरुष. "आन् तू काय बघत बसलास, मास्तर? धर," म्हातारी म्हणाली. सरांनी खांदा दिला. आम्ही दहा-बारा जणांनी देवीला त्या तीन खांबांपर्यंत नेलं आणि जुन्या ओट्यावर बसवलं. म्हातारीनं भाकरी आणि गूळ दाखवला. मग त्यातला पहिला तुकडा मोडून सरांच्या हातात दिला. "खा. तोंड किती वाळलंय."

येताना सर म्हणाले, "पुढच्या रविवारपासून सगळीकडं जावं लागंल."

"नाकं बसवायला?"

"काढायला."

मी स्कूटी कडेला घेतली. इतकी भांडले की रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. एवढ्या वर्षांत वाचवलेल्या देवी, एका म्हातारीच्या बोलण्यावर बुडवणार का? प्रत्येक गावात अशी म्हातारी बसलीये का? सर म्हणाले, "तुम्हाला पटत नव्हतं ना, मॅडम?" मी म्हटलं, "आता पटतंय!" तर म्हणाले, "मला आता पटत न्हाय."

आणि ते गेले. गुपचूप नाही, माणसं गोळा करून. "हे नाक मी लावलंय, देवीचं न्हाय. ती तुटलेली आहे. माझ्या हातून चूक झाली. तिला बुडवू नका." असं सांगून सगळ्यांसमोर नाक काढायचे. काही ठिकाणी शिव्या खाल्ल्या. एका गावात लोकांनी त्यांना देवळात दोन तास बसवून ठेवलं, मी पाया पडून सोडवून आणलं. पण देवी राहिल्या. कुठं एखादी बाई भांडली, कुठं लोक नुसतेच म्हणाले, असू द्या आता, सवय झालीय. मलाच आश्चर्य वाटायला लागलं, मी सरांची माफीसुद्धा मागितली.

एका गावात मात्र बुडवली. तिसऱ्याच दिवशी, वाजतगाजत. आम्हाला कळून पोचेपर्यंत विहिरीवरचा गुलाल तेवढा राहिला होता. सर काठावर बसले ते अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

तेव्हापासून दर मंगळवारी काकू दोन भाकरी फडक्यात बांधून देतात आणि सर सकाळच्या एसटीनं त्या गावाला जातात. विहिरीच्या कठड्यावर निवद दाखवतात. लोक आता त्यांना वेडा म्हणतात. मी धाराशिव सोडलं, पण आले की त्यांच्याबरोबर जाते. "अख्खा जिल्हा देवाकडं पाणी मागतो," काकू त्यांना चिडून म्हणतात, "आन् तुम्ही विहीर आटायची वाट बघत बसा!" सर कळवळून म्हणतात, "मी कधी तसं मागितलं का गं? मागवतं का मला?"

यंदा पाऊस लई झाला. परवा गेलो तर विहीर काठोकाठ, बायका हातानं वाकून घागरी भरत होत्या, पोरं पोहत होती, गाव खुशीत. सर कठड्याशी उभे राहिले. पाण्याकडं बघितलं, त्या बायकांकडं बघितलं.

"भरली की," म्हणाले, आणि वाकून भाकरी ठेवली.